सात नंबर, सिमेंटचं बाक

साहेबांना सिमेंट हवं होतं. साहेबांना सगळीकडेच सिमेंट हवं असतं. त्यांच्या हातात असतं तर त्यांनी झाडंसुद्धा सिमेंटचीच लावली असती, पानं गळायची भानगड नको म्हणून. मला लाकूड हवं होतं. बागेच्या मागच्या भागात, जिथे दुपारी तीननंतर फक्त म्हातारी माणसं येतात, तिथे चाळीस नवी बाकं बसवायची होती आणि ती कशाची करायची यावरून आमचं दोन महिने वाजत होतं. शेवटी साहेबच म्हणाले, "मॅडम, तुमचं-माझं राहू द्या. चार तऱ्हेची चार बाकं करा, बागेत ठेवा आणि बघा लोक कशावर बसतात. ज्यावर जास्त वेळ बसतील ते खरं."

ऐकायला किती सरळ वाटतं. मीही मान डोलावली.

बागखात्याच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली आहेत. म्हाताऱ्या माणसाला बाक कसं लागतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. बैठक गुडघ्यापेक्षा बोटभर उंच हवी, खाली नको. बसणं कुणालाही जमतं, घोडं अडतं ते उठताना. दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे हवेत आणि ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत यायला हवेत, नाहीतर उठताना जोर कशावर देणार? आणि बैठकीखाली पोकळी हवी. हे भल्याभल्यांच्या डोक्यात येत नाही. माणूस उठतो तेव्हा आधी टाचा मागे घेतो. तरुणपणी ते आपल्या लक्षातही येत नाही. टाचा मागे घ्यायला जागाच नसेल, तर सत्तरीचा माणूस आपणहून उठत नाही, त्याला उठवावं लागतं.

मिस्त्रींनी चार बाकं केली. मिस्त्री म्हणजे आमचे मुख्य सुतार. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, बोलणं कमी, आणि बोललेच तर चिमटा काढूनच बोलणार. एक बाक लोखंडी जाळीचं, हिरवा रंग दिलेलं. एक जुनं प्लास्टिक वितळवून केलेल्या फळ्यांचं, लांबून लाकूड वाटणारं, पण ऊन चढलं की मधोमध किंचित वाकणारं. एक लाकडाचं, कडा गोल केलेलं, तेल पाजलेलं. ते करताना मिस्त्रींनी फळ्यांवरून इतक्यांदा तळहात फिरवला की मी शेवटी म्हणाले, "मिस्त्री, बाक आहे ते, नातू नाही." आणि चौथं सिमेंटचं, घासून गुळगुळीत केलेलं, बैठकीपासून जमिनीपर्यंत भरीव. साहेबांचं लाडकं.

तीन बाकं मोठ्या झाडांखाली, फुलांच्या वाफ्यांकडे तोंड करून ठेवली. सिमेंटचं मात्र उचलता उचलेना. ते आणणारी गाडी पायवाटेवर जिथपर्यंत गेली तिथेच ते उतरवलं, अवजारांच्या खोलीसमोर. वाफ्यांकडे त्याची पाठ झाली. "राहू दे," मीच म्हणाले, "बाक ते बाक. इथे काय आणि तिथे काय." एकतीस वर्षांच्या अनुभवावर मी हे वाक्य बोलले.

नोंद ठेवायला कार्यालयातला कारकून येणार होता. कोण बसलं, कशावर बसलं, किती मिनिटं, उठायला किती प्रयत्न लागले, एवढंच लिहायचं. नाव विचारायचं नाही. ज्या क्रमाने माणूस पहिल्यांदा आला तो त्याचा नंबर. पहिल्या दिवशी पद्धत नीट बसवून द्यावी म्हणून मी स्वतः अवजारांच्या खोलीत, खिडकीच्या जाळीमागे टेबल टाकून बसले. खोली अंधारी, म्हणून डोक्यावर दिवा लावला. एक नंबर टोपीवाले आजोबा. दोन आणि तीन नंबर, एकमेकींचा हात धरून चालणाऱ्या आणि सारख्या भांडणाऱ्या दोन मैत्रिणी. मग चार, पाच, सहा. साडेतीनच्या सुमाराला मागच्या फाटकातून राखाडी शाल घेतलेली एक बाई आली, उजवा पाय जरा ओढत. मी 'सात' लिहिलं आणि वर पाहिलं.

ती माझी ताई होती.

ती बागेच्या मागच्या फाटकासमोरच राहते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण नऊ वर्षं मी त्या रस्त्याने जायचं टाळलं होतं, आणि ज्या अर्थी ती मला कधी कुठे दिसली नाही, त्या अर्थी तिनेही माझे रस्ते टाळले असणार. आमच्या घरात राग वारशाने मिळतो. दोघींना सारखा वाटा मिळालेला.

आई शेवटचे आठ महिने ताईकडे होती. एक दिवस न्हाणीघरातल्या प्लास्टिकच्या स्टुलावरून ती घसरली आणि पाचव्या दिवशी गेली. घर माणसांनी भरलेलं होतं. सगळ्या नातेवाइकांसमोर मी ताईला म्हणाले, "तू आईला नुसतं ठेवलंस. सांभाळलं नाहीस."

माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवशी कुणी मला गप्पही केलं नाही. ताईने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, मी तिच्याशी नाही.

आता खरं सांगते. आई ताईकडे राहायला गेली त्याच आठवड्यात मी कबूल केलं होतं की न्हाणीघरासाठी तिला एक खुर्ची करून आणते. लाकडाची, दोन्हीकडे हात टेकायला दांडे असलेली, पायांना रबर लावलेली. माझ्या हाताखाली अख्खा कारखाना, आणि काम दोन दिवसांचं. आठ महिन्यांत ते माझ्याच्याने झालं नाही. आज माप राहिलं, उद्या लाकूड ओलं, परवा साहेबांचं काहीतरी तातडीचं. मग खुर्चीशिवाय कुठल्या तोंडाने जायचं म्हणून जाणंही कमी झालं. शेवटचे तीन महिने तर नुसते फोन. फोनवर आईने खुर्चीचं नावही काढलं नाही, आणि तिचं ते नाव न काढणंच मला जास्त लागायचं. त्या भरलेल्या घरात उभी असताना मला पक्कं ठाऊक होतं की दोष कुणाचा आहे. कुणी माझ्याकडे बोट दाखवायच्या आत मी ताईकडे दाखवून मोकळी झाले.

त्या एका वाक्यात ताई गेलीच, पण तिच्याबरोबर आईचे ते आठ महिनेही गेले. आई काय बोलायची, माझी वाट बघायची का, माझ्यावर रागावून गेली का, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि त्या माणसाचं दार मी स्वतःच्या हाताने लावून घेतलं होतं. नऊ वर्षं मला फक्त तेवढंच विचारायचं होतं. त्याआधी माफी मागायला हवी होती, म्हणून विचारणं राहत गेलं.

आणि आता ती सात नंबर होऊन माझ्या वहीत आली होती.

पहिल्या दिवशी ती लाकडाच्या बाकावर बसली. चाळीस मिनिटं. दांड्यांवरून तिने तळहात फिरवला, पुढून मागे, मागून पुढे. उठली ती एका प्रयत्नात, दांड्यांवर जोर देऊन, टाचा मागे घेऊन, अगदी मी मिस्त्रींना समजावून सांगितलं होतं तशी. मला इतका आनंद झाला की विचारू नका. जाताना ती खोलीवरून गेली. मी वहीत डोकं खुपसलं. जाळी बारीक आहे, बाहेरून आतलं दिसत नाही, असं मी स्वतःला समजावलं.

कारकुनाला मी निरोप धाडला की यायची गरज नाही. मिस्त्रींनी तेवढ्यावरून ताडलं. "मॅडम," ते म्हणाले, "हल्ली अधिकारी मिनिटं मोजायला बसतात का? बढती म्हणायची की काय?"

"तुम्ही रंधा मारा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताई आली आणि सरळ सिमेंटच्या बाकावर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही तिथेच. चौथ्याही.

बाकी लोकांचं म्हणाल तर चार दिवसांत त्यांचा निकाल लागला होता. थंडी सरत आली होती, तरी सावलीतलं सिमेंट बोचायचं. टोपीवाले आजोबा एकदाच त्यावर टेकले आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे बाक आहे की बर्फाची लादी?" पुढे ऊन तापायला लागलं तेव्हा त्या दोन मैत्रिणी लोखंडी बाकावर बसल्या आणि बसल्या तशा उठल्या; कुणामुळे बसलो यावरून त्यांचं भांडण आठवडाभर पुरलं. प्लास्टिकच्या बाकावर चार नंबर हळूहळू पुढे घसरत यायचे, सावरून मागे जायचे, पुन्हा घसरायचे. लाकडाचं बाक पकडायला मात्र लोक तीनच्या आधीपासून यायला लागले. आधी कोण आलं यावरून पाच आणि सहा नंबरची तर बोलाचाली झाली.

सिमेंटवर कुणी दहा-बारा मिनिटांच्या वर टिकत नव्हतं. फक्त सात नंबर. एक तास. एक तास दहा. एक तास वीस.

मी काय काय कारणं शोधली! ताईला लहानपणापासून थंड जागा आवडते, उन्हाळ्यात ती उघड्या फरशीवर झोपायची. किंवा तिला भांडणं नको असतील. आणि एका संध्याकाळी घरी जाताना तर मला असा संताप आला की रस्त्यात उभी राहिले. लाकडाचं बाक माझं आहे हे तिला कळलं असणार! कळलं, म्हणून मुद्दाम दुसऱ्यावर बसते. नऊ वर्षांनीसुद्धा माझ्या हातचं बाकदेखील नको. बस मग गारठत, माझं काय जातं, असं मी मोठ्याने म्हणाले आणि शेजारून जाणाऱ्या माणसाने माझ्याकडे वळून पाहिलं.

पण दुपारी तीन वाजले की मी पुन्हा जाळीमागे. ती यायच्या आधी माझं लक्ष फाटकाकडे. ती आली की जीव भांड्यात पडायचा. काही दिवसांनी ती शालीची घडी करून खाली घ्यायला लागली. मग एक जुनी उशी आणायला लागली. बसून समोर बघत राहायची, मधूनच गुडघा चोळायची. तिच्या हातांवर आईच्या हातांसारख्या शिरा आल्या होत्या. आणि उठताना! दांडे नाहीत, टाचा मागे घ्यायला जायची तर सिमेंटवर आपटायच्या. पहिल्यांदा अर्धवट उठून परत बसायची. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा ओठ आवळून, दोन्ही हात मांड्यांवर दाबून उठायची. मी टेबलाची कड घट्ट धरून बसायचे. तिच्यापासून दहा पावलांवर. वहीत लिहायचे, 'प्रयत्न तीन.'

एकदाच मी उठले. चौथा आठवडा असेल. ती दुसऱ्या प्रयत्नात कलंडल्यासारखी झाली आणि मी दार उघडून उंबऱ्यापर्यंत आले. ती सावरली, तिची मान वर झाली, आणि तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. सरळ, मुद्दाम. मी होते तिथूनच मागे फिरले. त्या दिवशी उरलेल्या माणसांच्या नोंदी मी केल्याच नाहीत.

सातव्या आठवड्यात ती यायची बंद झाली.

पहिल्या दिवशी वाटलं, पाहुणे आले असतील. तिसऱ्या दिवशी मी कुणीही फाटकातून आलं की दचकायला लागले. सहाव्या दिवशी टोपीवाल्या आजोबांना विचारावंसं वाटलं, पण काय म्हणून विचारणार? मी तर बाकांची माहिती गोळा करणारी बाई. नऊ दिवस 'सात' या आकड्यासमोरचा रकाना कोरा राहिला, आणि दहाव्या दिवशी सकाळी साहेबांनी वही मागवली.

साहेबांनी बेरजा-भागाकार करून ठेवलेच होते. "मॅडम, तुमच्याच अक्षरात आहे," ते म्हणाले, आणि त्यांना होणारा आनंद लपत नव्हता. "एक माणूस एका वेळी किती मिनिटं बसला, याची सरासरी. सिमेंट पहिलं."

"एकाच व्यक्तीमुळे आहे ते. सात नंबर काढून टाका आणि बघा."

"का काढू? म्हाताऱ्या नाहीत का त्या?"

"आहेत. अडुसष्टच्या आहेत."

"नाव विचारायचं नाही असं ठरलं होतं. वय कसं कळलं?"

साहेबांनी चष्मा काढला. "लेखी कारण द्या. उद्यापर्यंत. नाहीतर चाळीसही सिमेंटची."

मी वही घेऊन बागेत आले. मिस्त्री लाकडाच्या बाकाचा एक खिळा ठोकत होते. त्यांना मी सगळं सांगितलं, म्हणजे साहेबांचं सगळं, ताईचं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या बाई तिथे का बसायच्या हे मला विचारता? तुम्ही बसलात का त्यावर कधी?"

"बसले की. कारखान्यात."

"कारखान्यात राहू द्या. ते आता जिथे आहे तिथे."

बसले नव्हते. सात आठवडे दुसऱ्यांचं बसणं मिनिटांत मोजलं आणि स्वतः त्या चारांपैकी एकाही बाकावर बागेत टेकले नव्हते. रागारागातच गेले आणि बसले. गारवा कपड्यांतून आत शिरला. टाचा मागे घ्यायला गेले, आपटल्या. पाठीमागे वाफे फुलले होते, ते दिसत नव्हते. डावीकडे कुंपण, उजवीकडे पाण्याची टाकी. इथे बघायला काहीच नव्हतं.

मग मी समोर पाहिलं.

समोर अवजारांच्या खोलीची खिडकी होती. आत दिवा तसाच जळत राहिला होता. जाळी असून नसल्यासारखी. माझं टेबल दिसत होतं, टेबलावरची पाण्याची बाटली, मी खुर्चीच्या पाठीवर टाकलेला स्वेटर, त्याचं तुटलेलं बटणसुद्धा. खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा दिव्याखाली किती स्वच्छ दिसत असेल, ते मला तिथे बसून कळलं. बागेतल्या चारही बाकांपैकी फक्त याच बाकावरून दिसत होता.

एक तास वीस मिनिटं. त्या गारठ्यात, त्या गुडघ्याने.

मिस्त्री जवळ आले होते. मी वही मांडीवर घेतली आणि कारण लिहिलं. 'क्रमांक सात ही व्यक्ती बाकासाठी बसत नव्हती. ती माझी बहीण आहे. तिच्या नोंदी रद्द धराव्यात.' खाली सही केली. उठायला मलाही दोन प्रयत्न लागले.

"हे साहेबांना द्या," मी मिस्त्रींना म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी येते जाऊन."

पुढे लाकूडच मंजूर झालं, दरवर्षी तेल द्यायच्या अटीवर. पण ते मला चार दिवसांनी कळलं. त्या दिवशी मी मागच्या फाटकातून बाहेर पडले होते आणि रस्ता ओलांडून ताईच्या जिन्याशी उभी होते. एकोणीस पायऱ्या. नऊ वर्षांत मी ती पायरी चढले नव्हते. वर पोचेपर्यंत मनात वाक्यं जुळवत होते, आणि दारावर टकटक केल्याबरोबर सगळी पळाली.

"कोण आहे?" आतून आवाज आला. पूर्वी फोनवर असायचा तसाच, जरा चिडका.

"मी."

"मी नावाचं माझ्या ओळखीत कुणी नाही."

"धाकटी."

आत पलंग करकरला. मग ती म्हणाली, "दार लोटलेलंच आहे."

ती पलंगावर कुशीवर पडली होती, कमरेशी गरम पाण्याची पिशवी. जवळून ती आणखी लहान दिसत होती. मला ताई आठवायची ती उंच, मला कडेवर घेणारी. खोलीत तेच कपाट होतं, तोच पडदा, फक्त रंग गेलेला. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

"कंबर धरलीय," ती म्हणाली. "तुमच्या त्या बाकामुळे. कुणी केलंय ते? माणूस बसवायला केलंय की पुरायला?"

"साहेबांना हवं होतं."

"तरी म्हटलं, तुझं नसणार. तुझं लाकडाचं."

"तुला कसं कळलं?"

"पहिल्याच दिवशी हात फिरवला तेव्हा कळलं. असे दांडे तुझ्याखेरीज कोण लावतं? म्हणून तर शोधत बसले, तू कुठे आहेस ते."

मी पलंगाच्या कडेला उभीच होते. "मग हाक मारायचीस, ताई. सात आठवडे!"

"तू उठून यायचंस. धाकटी तू आहेस."

"आले होते एकदा. तू तोंड फिरवलंस."

"फिरवलं," ती म्हणाली. "तू दारात उभी राहिलीस आणि मला रडू फुटलं. एवढ्या लोकांत रडायचं का? डोळे पुसून बघते तर तू गायब."

मी खाली, तिच्या पलंगाला टेकून बसले आणि एका दमात म्हणून टाकलं, "ताई, खुर्ची मी द्यायची होती. मी दिली नाही. स्टूल माझ्यामुळे होतं तिथे. आणि मी तुला तसं बोलले, सगळ्यांसमोर."

"हो," ती म्हणाली. "बोललीस. ते मी विसरले नाही आणि विसरणार नाही, खोटं कशाला सांगू."

मी मान हलवली. बाहेर जिन्यात कुणीतरी वर गेलं. आता नाही विचारलं तर कधीच नाही, हे मला कळत होतं.

"आई माझ्याबद्दल काही म्हणायची का? त्या आठ महिन्यांत?"

ताईने गरम पाण्याची पिशवी सरकवून घेतली. तिला ते सांगायचं होतं की नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

"रोज विचारायची," ती म्हणाली. "न्हायला नेलं की पहिला प्रश्न. 'आली का गं खुर्ची?' मी सांगायचे, करतेय ती. चांगली करतेय, म्हणून वेळ लागतोय."

"तू असं सांगायचीस?"

"मग काय सांगू? विसरली म्हणून सांगू? शेजारच्या बायका आल्या की त्यांना सांगायची, माझी धाकटी माझ्यासाठी खुर्ची करतेय, तिथे मोठी साहेबीण आहे ती. फोनवर तुला विचारणार होती, मीच अडवलं. म्हटलं, नको विचारूस, तिला घाई होईल."

मला रडूही येत नव्हतं. नऊ वर्षं मला वाटत होतं की आई रागाने खुर्चीचं नाव काढत नव्हती.

"पडली त्या संध्याकाळी," ताई म्हणाली, "दवाखान्यात, तू यायच्या आधी. वाचा अजून गेली नव्हती. तेव्हा म्हणाली, 'आता मला काही ती लागायची नाही. आली की तू ठेवून घे. उद्या तुलाही लागेल, आणि दुसऱ्या कुणाला दिली तर धाकटीला वाईट वाटेल.'"

न्हाणीघराच्या अर्धवट उघड्या दाराकडे तिने एकदा पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती माहिती दिल्यासारखं ती म्हणाली, "अजून आली नाही."

तेव्हा मला आई हवी होती. आई हवी होती, आणि ज्या ताईला मी नऊ वर्षं भेटले नाही ती ताईही हवी होती, साठीची, सरळ चालणारी, पाय न ओढणारी. त्यातलं काहीच आता मिळणार नव्हतं. मी पलंगावर डोकं टेकलं आणि सत्तावन्न वर्षांची बाई कशी रडेल तशी नाही, लहान मुलगी रडते तशी रडले. ताईचा हात चाचपडत माझ्या केसांवर आला. पलंग हलत होता.

"हळू गं," ताई म्हणत राहिली, "हळू. कंबर हलतेय माझी."